आत्याचा म्हातारा

माझी आत्या चौतीस वर्षं वेधशाळेत नोकरीला होती आणि त्या चौतीस वर्षांत तिनं एकदाही रात्रपाळी केली नाही, हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. आत्या सकाळी साडेनऊला डबा घेऊन निघायची आणि संध्याकाळी सहाला घरात असायची. दुर्बीण दुसरे लोक चालवायचे. ते काचेच्या तावदानांवर आकाशाचे फोटो काढायचे आणि त्या काचा तळमजल्यावरच्या एका लांबट खोलीत, लोखंडी कपाटांत, ताटाळ्यात ताटं लावावीत तशा उभ्या लावलेल्या असायच्या. त्याच खोलीत आत्याचं टेबल. मधोमध दुधी काच, तिच्याखाली दिवा, वर भिंग. फोटोच्या काचेवर आकाश उलटं उमटतं, म्हणजे आभाळ पांढरं आणि तारे काळे ठिपके. तारा जितका तेजस्वी, तितका ठिपका मोठा. एक ठिपका शेजारच्या ठिपक्यांशी ताडून बघायचा आणि त्याच्या तेजाचा आकडा वहीत लिहायचा, हे आत्याचं काम. ऑफिसात तिला सगळे भिंगआत्या म्हणत.

तिच्याकडे तारे पुष्कळ होते, पण जीव एकावरच. त्याला ती म्हातारा म्हणायची. "म्हातारा आज फारच उतरलाय," असं ती जेवता जेवता बोलून जायची आणि घरी आलेले पाहुणे मला हळूच विचारायचे, "कोण आजारी आहे गं?"

मी बसडेपोत वेळापत्रक लावते. या नोकरीसाठी दोन महिने म्हणून आत्याकडे राहायला आले ती कायमचीच. वेळेवर न येणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा मला मनापासून राग येतो. तेव्हा या म्हाताऱ्यानं माझं डोकं किती फिरवलं असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

म्हाताऱ्याचं दुखणं काय ते आत्यानं मला एकदा भांडी घासताना समजावून सांगितलं होतं. तारा तरुण असतो तेव्हा पोटातला हायड्रोजन जाळत बसतो. त्यातच त्याचं बहुतेक आयुष्य जातं आणि त्यात बघण्यासारखं काहीही नसतं. खरा प्रकार म्हातारपणी सुरू होतो. मधलं जळण संपतं, गाभा आकसतो आणि बाहेरचं अंग सुजत जातं. आपला सूर्य असा सुजला तर जवळचे ग्रह गिळून बसेल, इतकं. सुजलेलं अंग थंड पडतं म्हणून तारा तांबडा दिसतो. याला तांबडा राक्षसी तारा म्हणतात. मग तो धापा टाकायला लागतो. फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. एकेका धापेला वर्ष-सव्वा वर्ष लागतं, आणि तिच्याबरोबर तेज चढतं नि उतरतं.

"आणि मग मरतो?" मी विचारलं.

"इतक्या लवकर कुठला! मरायलाही त्याला लाखो वर्षं लागतात," आत्या म्हणाली. "गाभ्याभोवती हेलियमचा पातळ थर साठत राहतो. हजारो वर्षं साठतो आणि एकदम पेटतो. बाहेर भडका दिसत नाही. पण असा झटका येऊन गेला की पुढची शेकडो वर्षं धाप आखूड आखूड होत जाते. असे झटके येत राहतात, अंगावरचा वायू उडून जात राहतो, आणि शेवटी पृथ्वीएवढा पांढरा गोळा तेवढा उरतो."

आमच्या म्हाताऱ्याला असा झटका येऊन गेलाय, असं आत्याचं म्हणणं होतं. ती नोकरीला लागली तेव्हा त्याची एक धाप चारशे दिवसांची होती. तिच्या वह्यांप्रमाणे ती दरवर्षी साधारण एक दिवसानं कमी होत होती. हजारो वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट नेमकी आपल्या नोकरीच्या काळात घडतेय आणि ती आपल्या वहीत उतरलीय, हे वेधशाळेच्या पत्रिकेत छापून यावं, एवढीच तिची इच्छा होती. बढती मागितली नाही, मोठी खोली मागितली नाही. पत्रिकेतली एक ओळ मागितली.

आणि घोडं अडलं ते सूर्यापाशी.

वर्षातले अडीच महिने म्हातारा सूर्याच्या मागच्या बाजूला असतो, म्हणजे दिवसा उगवतो आणि दिवसाच मावळतो. त्या काळात त्याला कोणीच बघू शकत नाही. आता हे माझ्या धंद्यातलं गणित आहे, म्हणून मीच सांगते. समजा, एक बस दर तीनशे पंचाहत्तर दिवसांनी येते. म्हणजे ती दरवर्षी तारखेनं दहा दिवस पुढे सरकणार. डेपोचं फाटक वर्षातले ठरावीक अडीच महिने बंद असेल, तर काही वर्षं ती बस फाटक बंद असताना येऊन जाईल, पण सरकत सरकत कधीतरी पलीकडे निघेलच. आता समजा त्या बसचे दिवस दरवर्षी एकेक कमी होतायत. चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर, असं करत ती तीनशे पासष्टच्या आसपास आली, तर ती दरवर्षी जवळपास त्याच तारखेला येणार. आणि ती तारीख बंद फाटकाच्या दिवसांतली असेल, तर बसा वाट बघत. आत्याच्या नोकरीची शेवटची नऊ वर्षं हेच झालं. म्हातारा चढताना दिसायचा, उतरताना दिसायचा, पण तेजाचा माथा यायचा तो बरोबर सूर्यामागे. तिनं सांगितलं तसाच तो वागत होता, आणि तसा वागत होता म्हणूनच दिसत नव्हता.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा ती पत्रिका काढणाऱ्या साहेबांकडे अहवाल घेऊन गेली. अहवाल मी टाइप केला होता, म्हणून मीही बरोबर गेले. साहेबांनी पानं उलटली आणि तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यावर पेन ठेवलं.

"बाई, कमाल तेजाची तारीख नऊ वर्षं रिकामी आहे."

"सूर्यामागे होता, साहेब."

"म्हणजे आपण पाहिला नाही."

"दिसला नाही, हाच तर पुरावा आहे. जुन्या चालीनं चालला असता तर नऊ वर्षांत नव्वद दिवस सरकला असता. एव्हाना पहाटेच्या आकाशात पलीकडून निघायला हवा होता. निघाला नाही."

"बाई, न दिसलेली गोष्ट मी छापू कशी?"

मला गप्प बसवेना. "मग इथून पुढे तरी तुम्ही लक्ष ठेवा की! एवढी मोठी दुर्बीण आहे तुमच्याकडे."

साहेबांनी मला फार शांतपणे सांगितलं की मोठ्या दुर्बिणीवरचा नवा कॅमेरा अतिशय अंधूक आकाशगंगांसाठी आहे. म्हाताऱ्यासारखा तारा तेजाच्या माथ्यावर आला की त्याच्या प्रकाशानं कॅमेरा भरून जातो, काहीच मोजता येत नाही. म्हणजे जो तारा आमच्या गच्चीवरून साध्या दुर्बिणीतून दिसतो, तो वेधशाळेतून दिसत नाही! वर साहेबांनी निवृत्तीच्या शुभेच्छा दिल्या. चौतीस वर्षांच्या कामाला अशा वाटाण्याच्या अक्षता लावून घेऊन आम्ही घरी आलो. रस्ताभर मी बडबडत होते आणि आत्या बोटांवर काहीतरी मोजत होती.

"नऊ वर्षं," घराच्या दारात ती म्हणाली. "धाप आता वर्षाच्या आत येईल. मग माथा दरवर्षी थोडा थोडा मागे सरकेल आणि नऊ वर्षांनी संध्याकाळच्या आकाशात दिसेल. तेव्हा बघू."

साठाव्या वर्षी माणूस "नऊ वर्षांनी बघू" म्हणतो! मी कपाळाला हात लावला.

निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी तिचे डोळे गेले. अगदी आंधळी झाली नाही, पण डोळ्यांच्या पडद्याचा आजार जडला. कडेकडेचं सगळं दिसतं, जिथे नजर लावावी तिथेच करडा डाग. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. त्या दिवशी आत्या पहिल्यांदा चिडलेली मी पाहिली. चष्म्याचं घर भिंतीवर फेकलं तिनं. मग स्वतःच गुडघ्यांवर बसून चाचपडत शोधलं आणि मला हात लावू दिला नाही.

तेव्हा म्हाताऱ्याला बघायचं काम माझ्याकडे येणार हे उघडच होतं. नववं वर्ष लागलं तशी आत्यानं मला शिकवायला घेतलं. म्हाताऱ्याच्या शेजारच्या तीन ताऱ्यांना तिनं क, ख, ग अशी नावं दिलेली होती, क सगळ्यांत तेजस्वी आणि ग सगळ्यांत मंद. कुणापेक्षा जास्त, कुणापेक्षा कमी, एवढंच सांगायचं. माथा कधी यायचाय ते मात्र सांगेना. खोदून खोदून विचारलं तरी ताकास तूर लागू देईना. मग एका सकाळी चहा पिताना सहज म्हणाली, "या आठवड्यात येईल बहुतेक माथ्यावर."

मी त्याच दिवशी कामावरून धावत घरी आले. सूर्य बुडून अंधारलं तशी छोटी दुर्बीण घेऊन गच्चीवर गेले. समोरच्या इमारतीनं पाण्याची टाकी नेमकी पश्चिमेला वाढवून ठेवलेली, तिच्या वरच्या मोकळ्या आकाशात म्हातारा. धुरकट हवा, डोळ्यांतून पाणी. पण दिसला! ख च्या बरोबरीचा दिसला. दोन दिवसांनी पुन्हा गेले, तर ख पेक्षा किंचित वरच वाटला. चार संध्याकाळचे आकडे मी आत्याला वाचून दाखवले. आनंदानं एकेक आकडा दोनदा वाचला.

"वही मीट," आत्या म्हणाली.

"का?"

"मी तुला खोटी तारीख सांगितली होती. माथ्याला अजून महिना आहे. आज तो ग च्या आसपास असायला हवा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. पायऱ्या चढून माझे गुडघे दुखतायत आणि ही मला परीक्षेला बसवते! डेपोत शंभर जणांची बोलणी खाऊन घरी यावं, तर घरीसुद्धा हेच.

"तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाहीये," आत्या म्हणाली. "तुला तसंच दिसलं. माणसाला जे यायला हवंय ते दिसतं. मी स्वतः केलंय हे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी. एका काचेवर म्हाताऱ्याच्या जागी धुळीचा कण होता. मी त्याला बरोबर आकडा दिला, कारण त्या दिवशी तेवढाच यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी काच पुसली तर ठिपका गेला! त्या दिवसापासून वहीतला आधीचा आकडा पुठ्ठ्यानं झाकल्याशिवाय मी नवा लिहिला नाही."

"मग आता?"

"आता तू चालणार नाहीस. ज्याला यातलं काही ठाऊक नाही आणि काही पडलेलंही नाही, असा माणूस हवा."

असा माणूस आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. गावभर लिफ्ट चालू करत हिंडतो आणि आमच्या इमारतीची लिफ्ट आठ महिने बंद आहे, कारण तिचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे. त्याला मी जिन्यात गाठलं.

"वर जाऊन एक ठिपका बघायचा?" तो म्हणाला.

"हो."

"आणि?"

"शेजारच्या ठिपक्यांपेक्षा मोठा की लहान ते सांगायचं."

"दिवसभर लोकांच्या लिफ्टा वर-खाली करतो मी, ताई. आता ठिपके वर-खाली होतात का तेही बघू?"

पण आत्यानं त्याच्या मुलीला तीन वर्षं गणित शिकवलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मी त्याला जागा दाखवली, क, ख, ग ओळखायला शिकवले. त्यानंतर आत्यानं मला गच्चीवर जायलाच बंदी केली. म्हणे, "तू तोंडानं गप्प राहशील, पण तुझा चेहरा सगळं सांगेल." म्हणून तो एकटाच वर जायचा, उतरताना आमच्या दारात थांबायचा, आत्याला आकडा सांगायचा आणि घरी जायचा. मी स्वयंपाकघरात उभी राहून भांड्यांवर राग काढायचे.

साडेपाच आठवडे हे चाललं. दर दोन-तीन दिवसांनी.

"ग पेक्षा थोडा जास्त."

"ग आणि ख च्या मध्ये. बरोबर मधे."

एक आठवडा ढगांत गेला. एकदा तो एका दवाखान्याच्या लिफ्टमध्ये अडकलेल्यांना काढायला गेला आणि आलाच नाही. मी रागानं त्याच्या दाराची बेल दहा वेळा वाजवली.

"ख एवढा."

"ख पेक्षा वर. क च्या खाली."

"परवासारखाच आहे. आत्या, हे अजून किती दिवस?"

आणि मग एका संध्याकाळी तो दारात उभा राहून मान खाजवत म्हणाला, "माझ्या मनानं आज कमी झालाय. परत ख एवढा. माझी चूक असेल तर सांगा."

आत्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, चेहरा दिसू नये म्हणून. "बरोबर-चूक काही नसतं. तुम्ही या," एवढंच ती म्हणाली. आणखी तीन संध्याकाळी त्यानं उतरता तारा पाहिला. शेवटच्या दिवशी त्याची पावलं जिन्यात विरेपर्यंत आत्या थांबली आणि मग रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मलाही रडू आलं, आणि या म्हाताऱ्यापायी आपण रडतोय याचा रागही आला.

सुख तेवढ्यावरच संपलं. पत्रिकेकडे निरीक्षणं पाठवायची म्हणजे आता संगणकावर फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना: निरीक्षकाचा अनुभव, वर्षांत. आत्या म्हणाली, शून्य लिही. फॉर्म शून्य घेईना. मी म्हटलं, एक लिहिते, कोण विचारणार आहे? आत्यानं साफ नकार दिला. त्याला अनुभव नाही, यावरच तर सगळं उभं आहे, म्हणाली. मग मी जेवणाच्या सुट्टीत रोज वेधशाळेला फोन लावत बसले. एक जण म्हणायचा संगणक विभाग, संगणक विभाग म्हणायचा पत्रिका विभाग. अकरा दिवस नाकी नऊ आले. बाराव्या दिवशी कुणीतरी शून्य चालेल अशी व्यवस्था केली.

चार महिन्यांनी पत्रिका आली. जुने साहेब केव्हाच निवृत्त झाले होते. नव्या संपादकांनी नवा माथा घेतला, वेधशाळेतल्या जुन्या वह्यांतले माथे घेतले आणि गणित मांडलं. मी ते पान छापून घरी आणलं आणि आत्याला वाचून दाखवलं. ताऱ्याचा क्रमांक. आवर्तनकाल घटत असल्याची खात्री. सध्या तीनशे सत्तावन्न दिवस. वृद्ध ताऱ्यातील हेलियमच्या थराचा स्फोट हे संभाव्य कारण.

"सत्तावन्न," आत्या म्हणाली. "माझेही सत्तावन्नच येतात."

मग आधार: वेधशाळेचे जुने अभिलेख. निरीक्षक: आणि पुढे लिफ्टवाल्याचं पूर्ण नाव, आडनावासकट. आत्याचं नाव कुठेही नव्हतं. मी पान उलटून पाठीमागेसुद्धा बघितलं.

"अभिलेख म्हणजे काय कपाट?" मी ओरडले. "कपाटानं लावला का चौतीस वर्षं भिंगाला डोळा? मी आत्ता पत्र लिहिते त्यांना."

"माथा कोणी पाहिला? त्यांनी. मग नाव त्यांचं."

"आणि त्याआधीचं सगळं?"

आत्याला वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. वाटलं. तिनं खालचा ओठ दातांखाली धरला.

तेवढ्यात लिफ्टवाला आला. त्याच्या मुलीनं ते पान त्याला फोनवर दाखवलं होतं आणि गडी पार बदलून गेला होता. "आत्या, पुढचा माथा कधी? तारीख सांगून ठेवा, मी सुट्टीच टाकतो. आणि हा हेलियम पेटतो म्हणजे नेमकं काय होतं?"

आत्यानं मोठा सुस्कारा सोडला. "गेले. हेसुद्धा गेले," ती मला म्हणाली. "आता दुसरं कोणी शोध." त्याला काही कळलं नाही. त्यानं आणखी दोन प्रश्न विचारले आणि तो गेला.

मग तिनं माझ्याकडून पान मागून घेतलं. मांडीवर ठेवलं आणि डाव्या हातानं वरून खाली चाचपत गेली. जिथे बघायची तिथेच डाग, म्हणून मान वाकडी करून कडेनं बघायचा प्रयत्न करत होती. एका ओळीवर तिनं बोट ठेवलं.

ती ओळ दुसऱ्याच कुठल्या ताऱ्याची होती. मी तिचं बोट धरलं आणि दोन ओळी खाली आणून ठेवलं.